नागपंचमीचं वायरिंग

आमच्या घरी नागपंचमीला चिरायचं नाही, कापायचं नाही, तळायचं नाही, तवा चढवायचा नाही आणि जमीन खणायची नाही. यात विजेची वायर येते की नाही, यावरून एका सकाळी आमच्या नेरूळच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये जो वाद झाला, तो आठवला की मला अजूनही एकटीला हसू फुटतं. त्या वादात मी हरले. आज पन्नाशी ओलांडलेली, कारखान्यांची मोठमोठी पॅनेल उभी करून झालेली मी बाई, पण कुणी विचारलं की तुझं पहिलं काम कोणतं, तर मी पॅनेलचं नाव घेत नाही. मी सांगते, आमच्या पांढऱ्या गाडीचे फॉग लाइट. विचारणाऱ्याचा चेहरा पडतो. पडू दे.

गाडी जुनी घेतलेली होती. बाबा तुर्भ्याच्या एका कंपनीत स्टोअर्सला होते आणि वाशीच्या मार्केटमधल्या एका व्यापाऱ्याच्या मुलाकडून त्यांनी ती घेतली. पोरगा हौशी असावा. रिव्हर्स टाकला की गाडी गाणं म्हणायची, मागच्या काचेवर झेपावणारा वाघ होता आणि पुढे बंपरखाली दोन पिवळे फॉग लाइट. बाबांनी पहिल्या रविवारी गाणं काढलं, दुसऱ्या रविवारी ब्लेडनं खरवडून वाघ काढला. दिवे मात्र ठेवले. ‘आपल्याला घाट आहे,’ असं ते ज्याला त्याला सांगायचे, कारण आईचं माहेर महाडच्या पुढे, घाट चढून गेल्यावर माथ्यावर होतं आणि श्रावणात तो घाट भरदुपारी धुक्यात बुडालेला असायचा. आमच्या मजल्यावर तेव्हा गाडी कुणाकडेच नव्हती. बाबा रोज सकाळी ती पुसायचे आणि पुसताना हळू आवाजात भजन म्हणायचे. पुसायच्या फडक्याला घरात दुसऱ्या कुणी हात लावलेला त्यांना चालत नसे.

आई शिरवण्याच्या जुन्या गावात बालवाडी चालवायची. घरी यायची तेव्हा तिच्या पदराला खडूची भुकटी असायची आणि बोलणं बालवाडीतलंच, म्हणजे एकदा सांगितलेलं पुन्हा सांगायचं नाही. देवाधर्माचं तिचं फार नव्हतं. पण नागचतुर्थीचा भावाचा उपास आणि पंचमीचं माहेर या दोन गोष्टींत ती कुणाचं ऐकत नसे. मामा तिचा एकुलता धाकटा भाऊ. आदल्या दिवशी त्याच्यासाठी उपास धरायचा, दुसऱ्या दिवशी पहाटे पुरणाची दिंडं उकडायची, म्हणजे कणकेच्या लाटीत पुरण ठेवून चौकोनी घडी घालायची आणि मोदकासारखी वाफवायची. मग डबा भरून एसटीनं माहेरी. पंचमीला आमचं घर वाफेनं भरलेलं असायचं. वेलची, गूळ आणि हळदीच्या पानाचा तो वास मला कुठेही, विमानतळावर जरी आला तरी ओळखू येईल.

गाडी आल्यावर पहिल्या पंचमीला अर्थातच गाडीनं जायचं ठरलं. नवी साडी, पुढच्या सीटवर आई, मांडीवर दिंडांचा डबा, मागे मी. महाडपर्यंत बाबा भजन म्हणत होते. घाटात टाक्याच्या वळणाशी, जिथे डोंगरातल्या टाक्याचं पाणी रस्त्यावर सांडतं, तिथे धुक्यानं आम्हाला गाठलं. बाबांनी फॉग लाइटचं बटण दाबलं आणि समोर एकदम चुन्याची भिंत उभी राहिली. त्यांनी बटण बंद केलं, पुन्हा लावलं, पुन्हा बंद केलं. काच खाली करून डोकं बाहेर काढलं. मग हात स्टिअरिंगवर ठेवून ते नुसते बसून राहिले आणि म्हणाले, ‘मी वळवतो गाडी.’ माहेर तिथून अर्ध्या तासावर होतं. मामा वर फाट्यावर छत्री घेऊन उभा असणार हे तिघांनाही माहीत होतं. आईनं मांडीवरच्या डब्याचं झाकण घट्ट दाबलं. घरी आल्यावर तिनं डबा फ्रिजमध्ये ठेवला आणि दुसऱ्या दिवशी ती दिंडं बालवाडीतल्या मुलांना वाटून टाकली.

भांडण झालं असतं तर बरं झालं असतं. आई त्यानंतर गाडीत बसायचीच बंद झाली, पण तेही कसं, तर कधी ‘नको’ न म्हणता. सीवूड्सला लग्नाला जायचं, तर ती आधीच मैत्रिणीबरोबर रिक्षानं निघालेली असायची. बाबा खाली गाडी काढून उभे, आणि आई वरून सांगणार, ‘तुम्ही व्हा पुढे, मला भाजी घ्यायचीय.’ बाबांचं भजन हळूहळू थांबलं. गाडी पुसायचे, पण मुक्यानं. मला दोघांचा राग यायचा आणि दोघांची दयाही यायची, आणि वर्षभर मी त्या दोघांच्या मधून पोळ्या वाढत राहिले. पुढचा श्रावण आला तेव्हा आईनं मामाला फोन करून सांगून टाकलं, ‘यंदा जमत नाही रे.’ एसटीनं जायलाही ती तयार नव्हती. फोन ठेवून ती बराच वेळ फोनचीच धूळ पुसत होती.

मी तेव्हा इलेक्ट्रिकल डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला होते. वर्गात आम्ही मुली एका बाकावर मावायचो. नवीन शिकलेल्या माणसाला जी खाज असते ती मला भरपूर होती. घरातली दारावरची घंटा मी दोनदा सोडवून जोडली होती, मिक्सर एकदा सोडवला होता आणि त्याबद्दल जास्त न बोललेलं बरं. मी बाबांच्या मागे लागले, फॉग लाइट बदलू या. एका दिव्यात तर पाणी भरलेलं, गाडी हलली की ते आत डचमळायचं. बाबा म्हणाले, ‘दिवे बदल. वायरिंगला हात नाही लावायचा.’ मी लगेच हो म्हटलं. वायरिंगला हात न लावता दिवे बदलता येत नाहीत हे त्यांना माहीत नव्हतं, आणि मी सांगितलं नाही.

चतुर्थीला दुपारी बाबा रजेवर होते. बाजारातून आम्ही दिवे, बटण, वायर, फ्यूज आणि एक रिले आणला. रिले म्हणजे एक छोटी काळी डबी. बटणाचा किरकोळ करंट ती ऐकते आणि बॅटरीचा दांडगा करंट दिव्यांकडे सोडते. असा मधला माणूस नसला तर सगळा भार बटणावर येतो आणि बटण तापून वितळतं. वर्गात मी हे फळ्यावर पाहिलं होतं. प्रत्यक्ष रिले हातात आला तेव्हा मी तो रिक्षात मुठीत धरून बसले होते, पिशवीत टाकवेना. पावसाची सर येत होती, जात होती. पार्किंगमध्ये पोतं अंथरून मी बंपरखाली सरकले. नट गंजून दगड झालेले. बाबांनी त्यावर रॉकेल सोडलं, मी पान्याला लोंबकळले, आणि पहिला नट करकरत सुटला तेव्हा आम्ही दोघं एकमेकांकडे बघून असे हसलो की बाबा गेल्या वर्षात तसे हसले नव्हते. जुने दिवे खाली आले, नवे चढले. मग मी जुनी वायर कुठे जाते ते बघायला तिच्या मागे मागे गेले. शिकलेल्या माणसानं वायरच्या मागे जायचं असतं, ती आपण जाईल म्हणतो तिकडे जात नाही.

ती गेली हेडलाइटला. तिथे काळ्या टेपचा एक गलेलठ्ठ बोळा होता. तो उलगडला आणि माझ्या हातातून टेप पडली. त्या हौशी पोरानं फॉग लाइटची वायर हेडलाइटच्या अप्परला जोडून ठेवली होती. गाडीच्या मोठ्या दिव्याला अप्पर आणि डिप्पर असे दोन उजेड असतात हे सगळ्यांना माहीत आहे, अप्पर लांबचा, डिप्पर जवळचा. धुक्यात अप्पर लावला की तो उजेड धुक्यावर आदळून उलटा आपल्याच डोळ्यांत येतो. फॉग लाइट असतो खाली, त्याचा झोत बुटका आणि आडवा, धुक्याच्या पोटाखालून जमिनीलगत पसरणारा. म्हणजे धुक्यात अप्पर बंद आणि फॉग लाइट चालू असं हवं. आमच्या गाडीत फॉग लाइटचं बटण दाबलं की अप्परही आपोआप लागत होता. रस्त्यावर मिरवायला छान, चार दिवे एकदम भडकायचे. घाटात बाबांनी ज्या ज्या वेळी ते बटण दाबलं, त्या त्या वेळी अप्परही लावला आणि स्वतःच्या हातानं ती चुन्याची भिंत उभी केली.

मी बंपरखालून ओरडले, ‘बाबा, तुमची चूक नव्हतीच.’ आणि बाहेर येऊन त्यांना सगळं दाखवलं, एकदा नाही, दोनदा, बोट ठेवून. मला वाटलं ते उडी मारतील. ते शेजारच्या स्कूटरच्या सीटवर बसले आणि त्या बोळ्याकडे बघत राहिले. मी म्हटलं, ‘मी आत्ता आईला सांगते.’ ते म्हणाले, ‘नको.’

‘का नको? तिला कळायला नको का?’

‘वर्ष झालं, वैशू. आता कारण सांगितलं की ते बहाण्यासारखं वाटतं.’ मग टेपचा बोळा बाजूला सारत म्हणाले, ‘तू नीट जोड. तेवढं पुरे.’

वायरिंगला हात नाही लावायचा हा हुकूम त्याच क्षणी रद्द झाला होता, हे आम्हा दोघांनाही बोलायची गरज पडली नाही.

मी नव्या वायरी कापल्या, दुकानदारानं बजावल्याप्रमाणे हातभर जास्तच, आणि बॅटरीपासून, डॅशबोर्डपासून, दिव्यांपर्यंत ओवून ठेवल्या. नवं बटण पार्किंग लाइटवर घ्यायचं, म्हणजे मोठे दिवे पूर्ण बंद असतानाही फॉग लाइट लागतील, असा माझा बेत. आता फक्त वायरी मापात छाटायच्या, टोकं सोलायची आणि सोल्डर करायची, म्हणजे कथील वितळवून सांधायची. तेवढ्यात अंधारून आलं आणि सोसायटीची लाइट गेली. बाबा म्हणाले, सकाळी कर.

रात्रीच्या जेवणाला, म्हणजे आमच्या जेवणाला, आईचा उपास होता, बाबांनी ताटाकडे बघत विचारलं, ‘उद्या निघू या का? वेळेत निघालो तर दुपारपर्यंत पोचू.’

आई परातीत पुरणाची डाळ निवत घालत होती. म्हणाली, ‘आणि परत फिरलो तर?’

बाबांनी पोळीचा तुकडा मोडला. मी म्हटलं, ‘नाही फिरणार.’

आईनं माझ्याकडे पाहिलं. माझ्या नखांत ग्रीस होतं, कपाळालाही असणार. ‘तू दिवे लावून दाखव,’ ती म्हणाली, ‘मग बसते.’ मी त्या रात्री किती झोपले असेन ते तुम्हीच ताडा. मला बोर्डाच्या परीक्षेचं कधी इतकं वाटलं नव्हतं. वर्षभर अडलेलं आमचं घर आता माझ्या दहा बोटांवर होतं, आणि मला भीती वाटायच्या ऐवजी नुसती ऊर्मी येत होती.

सकाळी मी खाली जाऊन बॉनेट उघडलं, पक्कड हातात घेतली, आणि आई चहा घेऊन खाली आली. वरच्या खिडकीतून कुकरची वाफ दिसत होती. तिनं चहा बाकावर ठेवला आणि म्हणाली, ‘हे काय करतेस?’

‘वायर छाटते.’

‘आज?’

मला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा मी बाबांकडे बघितलं. बाबांनी आभाळाकडे बघितलं.

‘आई, ही वायर आहे. भेंडी नाही.’

‘कापणं म्हणजे कापणं. भावाचं नाव घेऊन आदल्या दिवशी उपास केलाय मी. आज या घरात कापाकापी व्हायची नाही.’

‘हे घर नाही, पार्किंग आहे.’

‘पार्किंगचा मेंटेनन्स आपणच भरतो ना?’

बाबा मध्ये पडले. ‘अगं, तांब्याची तार ती. तिला काय जीव आहे?’

‘दिंडांनाही जीव नसतो, मग आज सुरी घेऊन कापून खाता का तुम्ही?’ आई म्हणाली. बाबांनी बाकावरचा चहा उचलला. दिंड आमच्याकडे हातानंच मोडतात.

मी तडजोडीवर आले. ‘बरं, कापत नाही. सोल्डरिंग करू?’ आईनं सोल्डरिंग गनचं टोक निरखून पाहिलं, ते तापतं का विचारलं, आणि निकाल दिला, तापलेल्या लोखंडावर काही ठेवणं म्हणजे तवाच. आज तवा नाही. माझ्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं. आणि वायरीची टोकं सोलल्याशिवाय तर पुढचं काहीच शक्य नव्हतं. सोलणं चालतं की नाही, यावर आईलाही खात्रीनं सांगता येईना.

एवढ्यात मथुरामावशी आल्या. त्या शिरवण्याच्याच, बालवाडीत आईच्या हाताखाली, आणि आई सुट्टीवर असल्यानं किल्ल्या न्यायला आल्या होत्या. गावातल्या सणावाराच्या बाबतीत आई त्यांचा शब्द प्रमाण मानायची. आईनं त्यांना सगळा खटला सांगितला.

मथुरामावशींनी बॉनेटमध्ये डोकावलं. ‘कापू नको, यो बरोबर हाय. आमचे घरानबी आज कोन इळीला हात लावत नाय. पन सोलाला काय व्हतंय? उपासाला केला खातंस ना तू? का सालीसकट खातंस?’

‘केळं सोलूनच खाते,’ आई म्हणाली.

‘मंग झाला तर. सोल गो बाय तू.’

अशा रीतीनं शास्त्रार्थ मिटला आणि मी कामाला लागले. पक्कड नाही, कटर नाही. नखानं आणि दातानं टोकं सोलली, तांब्याच्या तारांना पीळ घालून घालून जोड घट्ट केले आणि वर टेप गुंडाळली. टेपही दातानं तोडली, त्याला आईनं हरकत घेतली नाही. जुना जोड मी आदल्या दिवशीच सोडवला होता, तो कापावा लागला नाही हे नशीब. उरला प्रश्न जास्तीच्या वायरींचा. छाटता येत नाहीत, मोकळ्या सोडता येत नाहीत. मग त्या सगळ्या एकत्र गोल गोल फिरवून मी बॅटरीशेजारी वेटोळं करून बांधून टाकल्या. बाबा म्हणाले, ‘घ्या, नागोबा बसले.’ आई हसली नाही, पण वर जाऊन हळदकुंकू आणि लाह्या घेऊन आली, आणि खरंच त्या वेटोळ्यावर चिमूटभर वाहिल्या. माझ्या पुढच्या आयुष्यात कितीतरी पॅनेलची पूजा झाली, नारळ फुटले, साहेब लोकांनी फिती कापल्या. वेटोळ्यावर लाह्या पडल्या तेव्हा मला जे वाटलं ते पुन्हा नाही वाटलं.

‘बाबा, पार्किंग लाइट लावा. आता बटण.’

बॉनेटमध्ये ‘टक्’ असा आवाज झाला. रिलेचा. मग पार्किंगच्या ओल्या फरशीवर पिवळा उजेड लोळत गेला, पार समोरच्या भिंतीच्या पायाशी. मोठे दिवे बंद. मी टाळ्या पिटत गाडीभोवती धावले, मथुरामावशी ‘अगो बया’ म्हणाल्या, सेक्रेटरी पहिल्या मजल्यावरून काय चाललंय म्हणून बघू लागले. बाबांनी बटण बंद केलं, लावलं, बंद केलं, लावलं, आणि दर वेळी टक्, टक्, टक्. आई म्हणाली, ‘पुरे. बॅटरी उतरेल.’ आणि दिंडांचा डबा घ्यायला वर गेली.

ती बसली, पण मागे. पुढच्या सीटवर मला बसवलं. पनवेल मागे पडलं, पेणच्या खड्ड्यांनी आम्हाला पिठासारखं चाळलं, आणि प्रत्येक खड्ड्याला माझा जीव त्या पीळ घातलेल्या जोडांत अडकत होता. सोल्डर केलं असतं तर, सोल्डर केलं असतं तर, असं मी पळस्प्यापासून महाडपर्यंत जपत होते. अधूनमधून मी बटण दाबून बघायचे. टक् व्हायचं. टक् झालं की बाबांच्या खांद्यांचा ताण जरा उतरायचा. आरशात बघितलं तर मागे आई डबा दोन्ही हातांनी धरून बाहेर बघत होती.

घाट लागला. हिरवागार, ओला, धबधबे रस्त्यावर आलेले. टाक्याच्या वळणाच्या जरा आधी धुकं खाली उतरायला लागलं आणि बघता बघता बॉनेटच्या पुढे काही उरलं नाही. बाबांनी हेडलाइट लावले. चुन्याची भिंत. फॉग लाइट लावले. टक्. पण हेडलाइट तसेच, म्हणून भिंतही तशीच. मी म्हटलं, ‘बाबा, मोठे दिवे बंद करा.’

‘हो,’ ते म्हणाले, आणि केले नाहीत. गाडी रांगत रांगत थांबली. त्याच वळणावर, टाक्याचं पाणी शेजारी पडतंय. त्यांचा हात दिव्यांच्या दांडीवर होता आणि तो हलत नव्हता. आज मला त्यांचं समजतं. काही दिसत नसताना आहे तो उजेड आपल्या हातानं घालवायचा, हे पुस्तकात लिहायला सोपं आहे. माझ्या हल्लीच्या गाडीत दिवे आपले आपण लागतात आणि विझतात, पण परवा धुक्यात मीही विनाकारण अप्पर ओढलाच.

मागचं दार उघडलं. आई उतरली, पुढे आली, माझ्या बाजूचं दार उघडून म्हणाली, ‘तू मागे जा.’ मी डबा घेऊन मागे गेले. ती बाबांशेजारी बसली, पदर खोचला आणि म्हणाली, ‘पोरीनं सांगितलंय ना, विझवा ते मोठे दिवे.’

‘अगं, रस्ता दिसणार नाही.’

‘तुम्ही विझवा. मी आहे.’

बाबांनी दांडी फिरवली. भिंत गेली. एक क्षण सगळं करडं झालं, आणि मग चाकांच्या पुढे, अगदी खाली, पिवळा उजेड दिसायला लागला. लांबचं काही नाही. रस्त्याची कड, तिच्यावरचं शेवाळ, तेरड्याची झुडपं, गटाराचा दगडी काठ. बास, एवढंच. मला वाटलं, एवढ्याशा उजेडात बाबा काय गाडी चालवणार.

पण आई पुढे वाकली आणि तिचा आवाज बदलला. ‘ही ओढ्यावरची मोरी. बरोबर. हिच्यापुढे रस्ता डावीकडे वळतो, हळू घ्या. आता सरळ. तो पांढरा दगड दिसला? तो गेला की उजवीकडे मोठं वळण, आतून घ्या, बाहेरून नको.’ तिचं हायस्कूल घाटाखाली होतं. सोमवारी पहाटे खाली आणि शनिवारी दुपारी वर, अशी ती सगळी वर्षं अनवाणी या रस्त्यानं चाललेली. पावसाळ्यात धुक्यात तिला लांबचं कधीच दिसलं नव्हतं. तिला रस्ता पावलापुरताच ठाऊक होता, आणि माझे दिवे नेमके तेवढंच दाखवत होते. असं काही होईल हे माझ्या डोक्यात स्वप्नातही नव्हतं. मी मागच्या सीटवर डब्याला मिठी मारून बसले होते आणि आनंदानं मला हुडहुडी भरली होती.

‘इथं आम्ही जांभळं खायचो, इथे रस्ता अरुंद आहे. हॉर्न द्या. आता दुसरा घ्या, चढ आहे.’ बाबा हॉर्न द्यायचे, दुसरा घ्यायचे. एकदा त्यांचा हात चुकून दांडीला लागला आणि अप्पर लागला. पुन्हा भिंत. त्यांनी झटकन बंद केला. आई काही क्षण त्या दांडीकडे बघत राहिली, मग बाबांकडे, आणि म्हणाली, ‘चला. पुढे पिंपळ येईल.’ पिंपळ आला. बाबा गुणगुणायला लागले होते. त्यांना स्वतःला ते कळलंही नसावं.

फाट्यावर कुणी नव्हतं, कारण आम्ही येणार हे मामाला माहीतच नव्हतं. तो गोठ्यातून बाहेर आला, गाडी बघितली, आणि हातातली पेंढी तशीच धरून उभा राहिला. आई उतरली. तो वाकून तिच्या पाया पडला आणि उठलाच नाही लवकर. मामीनं आम्हाला आत घेतलं, ओल्या कपड्यांवर घोंगड्या दिल्या, आणि चुलीपाशी पाट मांडले. दिंडं पुन्हा वाफवून, वर साजूक तुपाची धार. माथ्यावर श्रावणात इतका गारठा असतो की तूप ताटात पडल्या पडल्या पांढरं व्हायला लागतं. घरची दिंडं आणि मामीची दिंडं असा दोन्हीचा ढीग, आणि मी अशी भुकेली की कुणाशी बोलायलाही तयार नव्हते.

मामाचं पोट भरलं तसा त्याला चेव आला. ‘मग दाजी,’ तो म्हणाला, ‘औंदा कसा काय घाट चढलासा? गेल्या साली तर अर्ध्या वाटंतनं माघारी पळालासा म्हनं. मी हितं छत्री घेऊन भिजतोय.’

मामी हसली. शेजारचे दोघेतिघे आले होते तेही हसले. बाबा ताटाकडे बघत होते.

‘पळाले नाहीत,’ आई म्हणाली. ‘गाडीचं वायरिंग चुकलं होतं. वैशूनं बदललं काल.’

मी घास थांबवला. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, मी नाही सांगितलं. मी खरंच सांगितलं नव्हतं, बाबांनीही नाही. घाटात त्या दांडीकडे बघून तिला सगळं कळलं, की काहीही न कळता तिनं भावासमोर नवऱ्याची बाजू घेतली, हे मी तिला पुढे कितीदा तरी विचारलं. ती म्हणायची, जेवणात काय वाद घालायचा.

बाबांनी हातातला तुकडा ताटात ठेवला. ‘वायरिंग चुकलं होतं हे खरं आहे,’ ते मामाला म्हणाले, पण बघत होते आईकडे. ‘पण मी घाबरलोही होतो. खूप घाबरलो होतो.’

मामानं चुलीतलं लाकूड पुढे सारलं.

‘ठाऊक आहे मला,’ आई म्हणाली आणि त्यांच्या ताटात आणखी एक दिंड वाढलं. ‘खा आता, तूप गोठतंय.’